मोठ्या गाडीचा हिवाळा

वेचणीला तोंड लागलं की आमच्या भीमपूरकडे सकाळ उशिरा होते. पैनगंगेवरून चढलेलं धुकं कापसाच्या ओळींत येऊन बसतं आणि आठ वाजून गेले तरी हलत नाही. बाया कमरेला रिकाम्या ओट्या बांधून मारुतीच्या देवळापाशी जमतात आणि एकमेकींची वाट बघतात. एकटी कोणी वावरात उतरत नाही. नदीपलीकडच्या जंगलातून वाघ अलीकडे येतो. कधी तुरीच्या धुऱ्यावर पाऊल दिसतं, कधी गोऱ्हा ओढून नेल्याची खूण. सगळ्या आल्या की एक जण पुढं होऊन स्टीलचं ताट वाजवते आणि मग ती रांग धुक्यात शिरते. थोड्या वेळानं बाया दिसत नाहीत, फक्त ताट ऐकू येतं.

यंदा अशाच एका सकाळी मी अंगणात तोंड धूत उभा होतो आणि रस्त्यावरून एक जड गाडी गेली. थांबून थांबून, छातीतून खोकल्यासारखा वाजणारा तो आवाज. जवळ आला, घरासमोरून गेला, लांब होत विरला. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. वंदना, माझी बायको, दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि तांब्या घेऊन आत गेली. तिला ठाऊक आहे, या दिवसांत मी आवाज ऐकत असतो.

*

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे दसऱ्याच्या दिवशी झाले. फटाके फुटले, नव्या कचेऱ्यांवर दिव्यांच्या माळा लागल्या, आमचं भीमपूरही त्याच धामधुमीत मंडल, म्हणजे तालुक्याचं गाव झालं. माणसांचे तुकडे व्हायला मात्र आणखी काही वर्षं लागली. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सहायक. गाई-म्हशींना लसी टोचायच्या, अडलेलं वासरू ओढायचं, मेलेल्या जनावराचा पंचनामा लिहायचा, हे माझं काम. वंदना गावातल्याच मराठी शाळेत शिकवते. नव्या जिल्ह्यांत नोकरदार वाटून देण्याच्या याद्या आल्या, ती होती तिथंच राहिली. माझं नाव मंचेरियल जिल्ह्याच्या पानावर निघालं. मुक्काम जन्नारमच्या बाजूचा. घरापासून सव्वाशे किलोमीटर, आणि त्यातला उटनूरच्या पुढचा शेवटचा तुकडा सगळा जंगलाचा.

आई चुलीपाशी बसली होती. तिनं यादी म्हणजे काय ते विचारलं, ऐकलं आणि म्हणाली, "मी लहान होती तवा बी अशीच रेघ ओढली होती. मामाचं गाव नदीच्या तिकडं होतं, थे दुसऱ्या राज्यात गेलं. माय म्हने, आता मामाकडं जायाचं म्हंजे परमुलखात जायाचं. रेघ ओढनाऱ्याले काय, तो कागदावर ओढते."

मी हसलो होतो. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी संध्याकाळी परत यायचं, एवढंच तर होतं.

त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे नोकरी लागली तेव्हा घेतलेली शंभर सीसीची लहान गाडी होती. तिच्यावर मी गाडी शिकलो. शिकताना पडलो तर एका हातानं उचलून पुन्हा बसलो. चढावर ती धापा टाकायची, समोरून कापसाचा ट्रक आला की त्याच्या वाऱ्यानंच रस्त्याखाली सरकायची. तिच्यावरून जाताना सगळं दिसायचं आणि सगळं लागायचं. इंद्रवेल्लीच्या अलीकडे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास, जिनिंगच्या आसपास बाभळींना चिकटलेला कापूस, ज्वारीच्या शेतातला ओला गारवा गुडघ्यांत शिरायचा. उटनूरला पोचेपर्यंत बोटं हँडलभोवती आकडली असायची.

उटनूरच्या चौकात चहाच्या टपरीवर देवरावभाऊ माझी वाट बघत असत.

देवरावभाऊ नार्नूरचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आमच्याच खात्यात, आणि यादीत माझ्याच पानावर निघालेले. त्यांचा दवाखाना माझ्या दवाखान्यापासून चार कोसांवर. त्यांच्या भावाचं नार्नूरला किराणा दुकान. हे मात्र लहानपणापासून जनावरांत रमलेले. बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवून त्याला ताप किती आहे ते सांगत. त्यांची गाडीही लहानच, माझ्याहून जुनी. चहा व्हायचा, एक बिडी व्हायची, मग ते मफलर कानांवरून घट्ट ओढत म्हणत, "चाल, सुधाकरा. दोघं असलो म्हंजे जंगल अर्धं होते."

आणि खरंच व्हायचं. दोन लहान गाड्या, पुढं-मागं, चाळीसच्या चालीनं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागवान, पानं गळून उभं. धुक्यात एखादं चितळ मान वर करून बघायचं. वळणावर वाघाच्या चित्राची पाटी होती. तिथं पोचलो की देवरावभाऊ मुद्दाम हॉर्न वाजवायचे, पाटीवरच्या वाघाला रामराम घातल्यासारखा. एकदा माझं चाक पंक्चर झालं तेव्हा ते दीड तास माझ्यासोबत गाडी ढकलत चालले. दोघांचाही त्या दिवसाचा खाडा लागला. कुरकुरले नाहीत. जनावरांच्या, घरच्या, नार्नूरच्या बाजाराच्या गोष्टी सांगत चालत राहिले. त्या रस्त्यावर मला भीती वाटते हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. त्यांना ते कळत असावं.

*

पुढच्या दसऱ्याला मी मोठी गाडी घेतली.

कारणं खरीच होती. कमरेत उसण भरायची, लहान गाडीचा पाठचा दांडा वाकला होता, सव्वाशे किलोमीटर हे तिचं कामच नव्हे. पण खरं सांगायचं तर आदिलाबादच्या शोरूममध्ये मी तिच्यावर बसलो, पाय पुढं पसरले, रुंद हँडल धरलं आणि समोरच्या आरशात स्वतःला बघितलं, तेव्हा मला माझी भीती दिसली नाही. तेवढ्यासाठी मी ती घेतली.

काळी, लांब, साडेतीनशे सीसीची क्रूझर. घरी आणली तेव्हा गल्ली गोळा झाली. वंदनानं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी लिंबावरून गाडी घेतली, वळवायला गेलो आणि अंगणाच्या उतारावर ती एका बाजूला कलली. लहान गाडी कलली की पाय टेकवून सावरायची. ही सावरेना. दोन क्षण मी सगळ्या अंगानं तिला धरून होतो आणि ती सावकाश, अगदी सावकाश माझ्यावर येत होती. शेजारच्या दोघांनी धावून धरलं म्हणून बरं. पोटरीला सायलेन्सर चिकटला. तो डाग अजून आहे.

लोक हसले, मीही हसलो. वंदना हसली नाही. जखमेला खोबरेल लावताना म्हणाली, "हे गाडी तुमचं ऐकत नाई."

"सवय होईन ना."

"तुमाले तिची होईन. तिले तुमची व्हावी लागते."

आई ओसरीवरून नुसती बघत होती. ती म्हणाली, "मोठ्या जनावराले खाद्य बी मोठं लागते, बाप्पा." पेट्रोलबद्दल म्हणत असेल असं मला वाटलं.

लहान गाडी मी नदीपलीकडच्या मेहुण्याला देऊन टाकली.

सवय झाली. पंधरा दिवसांत झाली. सत्तरला ती डुलत चालायची, ऐंशीला तिच्या आवाजात एक ठेका यायचा आणि त्या ठेक्यावर मन निश्चिंत व्हायचं. कापसाच्या ट्रकला मी आता भ्यायचो नाही, मागं टाकायचो. पऱ्हाट्यांचा वास यायचा, पण तो ओळखायच्या आत मागं पडायचा. गार वारा आता लागायचा नाही, कापत जायचा. रस्ता तोच होता. मी त्यातून जायचो, त्याच्यावर असायचो असं मला आठवत नाही.

उटनूरला देवरावभाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर थाप दिली. "हत्तीच हाय की बे!" म्हणाले. "मले मागं बसवून एक चक्कर मार," म्हणाले. मी मारली. उतरल्यावर मफलर सोडत म्हणाले, "आवाज झकास हाय. एक कोसावरून समजन, सुधाकर आला."

पहिले काही सोमवार मी त्यांच्यासोबत चाळीसच्या चालीनं गेलो. गाडी तिसऱ्या गिअरात गुरगुरत राहायची, इंजिन तापायचं, माझ्या मांड्या भाजायच्या. त्यांना ते दिसलं. त्यांनीच सांगितलं, "तू हो पुढं. माह्यासाठी काऊन बैलासारखी हाकून राह्यला तिले? जन्नारमले भेटू, तिथं चहा पिऊ." मग मी पुढं जाऊ लागलो. जन्नारमच्या हॉटेलात मी अर्धा तास आधी पोचायचो. अर्धा तास थांबायचो. मग वीस मिनिटं. मग कधीकधी हॉटेलवाल्याला निरोप सांगून निघून जायचो. हजेरीचा अंगठा नऊच्या आत लागायला हवा, हे कारण होतं आणि ते खरंही होतं.

त्यावर देवरावभाऊंनी तोड काढली, ती मला नंतर कळली. एका सोमवारी त्यांनी ठरवलं, घरून वीस-पंचवीस मिनिटं लवकर निघायचं. उटनूरला थांबायचं नाही. म्हणजे मी मागून येऊन त्यांना गाठीन आणि जन्नारमला चहा तरी सोबत होईल. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पौषातली थंडी, आणि माझ्या गाडीची बरोबरी करायला अंधुकात निघाला.

*

त्या सोमवारी धुकं इतकं होतं की गुडीहत्नूरच्या पुढं मी हेल्मेटची काच वर करूनच चाललो. आदल्या आठवड्यात जंगलाच्या त्या तुकड्यात एक गुराखी वाघानं धरला होता. वाचला तो, पण बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. शनिवारी मी जन्नारमच्या बाजूला एका मेलेल्या म्हशीचा पंचनामा केला होता. मान मोडलेली, मागचा भाग खाल्लेला, आणि चेहरा मात्र जिवंत म्हशीचा असावा तसा शांत. वंदनानं पहाटे विचारलं होतं, "आज नाई गेलं त नाई चालत?" मी नाही चालत म्हणालो.

उटनूरला टपरी बंद होती. देवरावभाऊ दिसले नाहीत. थंडीमुळे आले नसतील असं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी न थांबता पुढं निघालो.

जंगल सुरू झालं. माझ्या दिव्यासमोर एक पांढरी भिंत आणि तिच्यात दहा-बारा पावलांपुरता डांबरी रस्ता. इतक्या धुक्यात साठ हा वेग वेड्याचा होता. पण कमी केला की आवाज लहान व्हायचा, आणि आवाज लहान झाला की दोन्ही बाजूंचं जंगल जवळ यायचं. म्हणून मी कमी करत नव्हतो.

वाघाच्या पाटीचं वळण गेलं. त्यापुढं ओढ्यावरची एक मोरी आहे. मोरीच्या अलीकडे, डाव्या हाताला, मला लाल दिवा दिसला.

उभ्या गाडीचा दिवा कंबरेच्या उंचीवर असतो. हा त्याच्या बराच खाली होता, गवतात. हलत नव्हता. मी मूठ सोडली, एक गिअर खाली टाकला. गाडी गुरगुरत मंद झाली. दिव्याच्या शेजारून जाताना मला गवतातून वर आलेलं एक चाक दिसलं. चाक दिसलं हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे. आणि चाकाच्या पलीकडे, मोरीच्या उतारावर, गवत हललं.

माणूस असेल असं मनात आलं. दुसरं काही असेल असंही आलं. त्या म्हशीची मान आठवली. कोणी पडला असेल तर मागून येणारे बघतील, बस येईलच, पहारेवाले फिरतातच, मी एकटा उतरून काय करणार, ही गाडी उतारावर स्टँडला लागणार नाही, कलंडली तर मला एकट्याला उचलणार नाही. एवढं सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. आणि माझ्या उजव्या हातानं, माझ्या मनाचं अजून ठरायचं होतं तरी, मूठ पिळली. गाडी उचलली गेली. आरशात बघितलं तेव्हा धुकंच होतं.

लहान गाडी असती तर मी थांबलो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. तिच्यावरून पळून जाता येत नव्हतं. ते खरं आहे. पण गाडीला दोष देणं सोपं आहे. ती फक्त माझ्या हाताचं ऐकत होती. वंदना चुकली होती. गाडी ऐकत होती ती माझंच.

जन्नारमला मी चहा घेतला. हॉटेलवाल्यानं विचारलं, "मोठे साहेब नाही आले?" मी म्हणालो, "आज सुट्टीवर दिसतात." नऊच्या आत अंगठा लावला.

साडेदहाला फोन आला.

*

रानडुक्कर आडवं आलं होतं. देवरावभाऊंची गाडी घसरली, ते मोरीच्या खाली दगडांवर पडले, उजवी मांडी मोडली, हाड बाहेर आलं. गाडी पडताना ब्रेकचं पेडल दगडाखाली दबलं, म्हणून मागचा लाल दिवा लागलेला राहिला. बॅटरी जुनी होती. थोड्या वेळानं दिवा विझला. त्यानंतर त्या रस्त्यावरून दोन गाड्या आणि एक बस गेली. कोणाला काही दिसलं नाही. तासा-दीड तासानं जंगलातले दोन पहारेकरी पायी येत होते, त्यांना कण्हण्याचा आवाज आला.

हे मला मंचेरियलच्या दवाखान्यात, त्यातल्याच एका पहारेकऱ्यानं सांगितलं. "दिवा असता त कोनीबी थांबलं असतं, साहेब," तो म्हणाला. "आमी आलो तवा दिवा नव्हता."

मी त्याच गाडीवरून मंचेरियलला गेलो होतो. खात्यातला पहिला पोचलेला माणूस मीच. रक्त लागत होतं, माझं जुळलं, मी दिलं. मी पडल्या पडल्या नळीतून जाणारं रक्त बघत होतो आणि मला वाटत होतं की कोणीतरी हे थांबवावं. देवरावभाऊंची बायको, कमलाबाई, दुपारी नार्नूरहून आली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "तुमी होते म्हनून," एवढंच म्हणाली आणि रडू लागली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं तेलुगूत समजावून सांगितलं, मी कमलाबाईला मराठीत सांगितलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. फार वेळ गेला. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित प्रयत्न करता आला असता. हे शेवटचं वाक्यही मीच तिला सांगितलं. माझ्या तोंडून.

तिसऱ्या दिवशी देवरावभाऊ बोलू लागले. कमलाबाई थर्मास घेऊन चहा आणायला गेली होती. त्यांनी छताकडे बघत म्हटलं, "तुह्या गाडीचा आवाज आला होता, सुधाकरा."

मी त्यांची चादर सारखी केली.

"मी खाली पडलो होतो. दुरून आवाज आला. म्हटलं, आला माहा मानूस. आता काई भेव नाई." मग म्हणाले, "धुकं लय होतं. तुले दिसलं नसन."

मी त्यांच्या चादरीच्या कडेकडे बघत होतो. "नाई दिसलं, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो.

*

पुढं काय झालं? जे होतं तेच. देवरावभाऊंचा पाय गेला, खात्यानं त्यांना उटनूरला टेबलाच्या कामावर आणलं. मग त्यांनी नोकरी सोडली आणि नार्नूरला भावाच्या दुकानात बसू लागले. दोन वर्षांनी मलाही बदली मिळाली, मी घराजवळ आलो. गाडी गोठ्यालगतच्या पत्र्याखाली उभी आहे. विकायचं मनात येतं, मग वाटतं, विकली तर ती कोणाच्या तरी दारावरून वाजत जाईल. महिन्यातून एकदा मी ती सुरू करतो आणि बंद करतो.

नार्नूरला जात राहिलो. दर दोन-तीन महिन्यांनी. दरवेळी बसनं. कमलाबाई दरवर्षी भाऊबीजेला बोलावते. तिला सख्खा भाऊ नाही. ओवाळताना ती दरवर्षी एकच वाक्य म्हणते, "तुमच्या रक्तानं वाचलं माहं कुकू." मी ताटात साडी ठेवतो. वंदना शेजारी बसून असते. तिला मी सगळं सांगितलं होतं, त्या पहिल्याच शनिवारी. तिनं तेव्हा एवढंच विचारलं होतं, "त्याहीले सांगसान का कधी?" आणि मग पुन्हा कधी विचारलं नाही. तिचं न विचारणं मी इतकी वर्षं ऐकतो आहे.

यंदा ती जड गाडी दारावरून गेली, त्याच्या पुढच्या रविवारी मी बसमध्ये बसलो.

नार्नूरला दुपार होती. दुकान बंद. देवरावभाऊ घराच्या ओट्यावर खुर्चीत, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. उन्हात तुरीच्या शेंगा वाळत होत्या. कमलाबाईनं चहा आणून ठेवला आणि शेंगा सोलायला परसात गेली. मी कप हातात घेतला, अर्धा प्यालो, खाली ठेवला.

"भाऊ, मले दिसलं होतं," मी म्हणालो. "दिवा दिसला. चाक दिसलं. मी थांबलो नाई."

ते रस्त्याकडे बघत होते. बघतच राहिले. मग म्हणाले, "मले मालूम हाय."

"कसं?"

"आवाज खाली आला होता. तू गिअर पाडला. मी म्हटलं, थांबला. मग थोडा वखत तसाच राह्यला. मग चढला." त्यांनी हात खालून वर नेऊन दाखवलं. "ज्याले दिसत नाई तो गिअर काऊन पाडन?"

"मंग दवाखान्यात तुमी…"

"मी तुले रस्ता ठेवला होता. म्हटलं, हा सांगन. तू म्हनला, नाई दिसलं. मग म्हटलं, राहू दे. जे पचन ते पचन." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्यापेक्षा राग बरा होता. "इतके साल बसनं येते तू. मी कधी इचारलं का, तुही गाडी कुठी हाय म्हनून?"

"मले माफ करा, भाऊ."

"थे माह्याकडं नको मागू. मले त पहिल्या दिवसापासून मालूम होतं. मी आपला हिशेब करून बसलो. जिले मालूम नाई तिले सांग."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हणालो, "तिले नका सांगू. ती मले भाऊ म्हनते."

"म्हनूनच," ते म्हणाले आणि आवाज दिला, "कमले! इकडं ये. सुधाकरले काई सांगायचं हाय तुले."

ती पदराला हात पुसत आली. केसांत शेंगांची टरफलं. मला बघून हसली. "काय जी भाऊ? घरी समदे बरे हायेत ना?"

मी उभा राहिलो. बसून सांगता येण्यासारखं ते नव्हतं. मी सांगितलं. दिवा, चाक, हललेलं गवत, वाघाची भीती, पिळलेली मूठ, जन्नारमचा चहा, सगळं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण एकदा सुरू झाल्यावर काही गाळता आलं नाही. ती दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत होती. तिचं हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर राहून राहून कमी होत गेलं.

मी थांबलो तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग ती मला म्हणाली, "थांबायले किती टाइम लागला असता?"

"दोन मिनिटं."

"दोन मिन्टं," ती म्हणाली.

माझा कप ओट्यावर अर्धा भरलेला होता. तिनं तो उचलला आणि आत गेली.

मी पिशवी हातात घेतली. देवरावभाऊ म्हणाले, "बस." मी उभाच होतो. "बस म्हनलं ना. पळू नको आता."

मी बसलो. आम्ही दोघं आतल्या बाजूला कान देऊन होतो. घरातून बराच वेळ भांड्याचाही आवाज आला नाही.